पहिला आकडा

१० फेब्रुवारी, वसमत

पोचले, आणि पहिल्या अर्ध्या तासात पिवळी झाले. बसस्टँडवरून ज्या ऑटोत बसले तिच्यात हळदीची दोन पोती आधीच ऐसपैस बसलेली होती आणि त्यांनी सरकून घ्यायला साफ नकार दिला. पांढरा कुडता घालून वसमतला येऊ नये. ऑटोवाला म्हणाला, ताई, हा डाग निघत न्हाई, पण लगीन लवकर जमतं. मी म्हटलं, मग तर पोचल्या पोचल्या धुवायलाच हवा.

खोली कारखान्याच्या वरच मिळाली आहे. कारखाना म्हणजे पत्र्याचं लांबट शेड, सहा टेबलं आणि एक कुलर, जो थंडीतही चालू असतो कारण त्याचं बटण तुटलंय. मालक माऊलीदादा. पन्नाशीचे, मोकळे, प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'बराबर?' विचारतात आणि उत्तराची वाट बघत नाहीत. इथे हळद शिजवायच्या बॉयलरवर बसणारे डबे तयार होतात. शेतात बॉयलर पेटतो, त्याची वाफ नळीने मोठ्या ड्रममध्ये जाते, ड्रममधली ओली हळद शिजते. वाफेचा दाब किती, पाणी किती, हे आमचा डबा दाखवतो आणि दाब वाढला तर भोंगा वाजवतो. असे त्रेचाळीस डबे जिल्ह्यात शेतोशेती बसलेत. पुण्यात सहा वर्षं मी लोकांच्या मनगटावरच्या घड्याळांना पावलं मोजायला शिकवत होते. इथे भोंगा वाजला तर निदान कुणाचा तरी जीव वाचेल. मला हे काम मनापासून आवडलंय.

माझ्याआधी सोमेश्वर नावाचा इंजिनिअर होता. हुशार होता म्हणे. दीड वर्षापूर्वी एका सकाळी किल्ल्या टेबलावर ठेवून गेला, तो आता कळमनुरीला पिठाची गिरणी चालवतो. का गेला, असं विचारलं तर दादा म्हणाले, त्याच्या घरी तकलीफ झाली होती, आणि चहा मागवला.

१२ फेब्रुवारी

दोन दिवस सोमेश्वरचा प्रोग्राम वाचते आहे. माणूस नीटनेटका. बाबांना पुढच्या फोनवर माझं काम समजावून सांगायचंय, म्हणून इथे सोपं करून लिहून बघते.

डब्याच्या आत एक चिप असते. चिप एकाच नावाने वर्षानुवर्षं विकली जाते, पण कंपनी ती आतून सुधारत राहते. पहिली आवृत्ती, दुसरी, तिसरी. चार सख्ख्या भावंडांसारखं, आडनाव एक आणि खोडी वेगळ्या. एकीला घड्याळ नीट कळत नाही, दुसरी सुरुवातीची मापं शिळी देते. म्हणून डबा चालू झाला की आतला कर्नल, म्हणजे सगळ्या कारभाराचा मुकादम, डोळे उघडल्या उघडल्या पहिलं काम हे करतो, की चिपला विचारतो, बाई, तू कितवी? पडदा लागायच्या आधी, घड्याळ लागायच्या आधी. उत्तर आलं की तो आपल्या यादीत बघतो आणि त्या त्या आवृत्तीची खोड सांभाळून पुढचं सगळं सुरू करतो. हा प्रश्न नंतर विचारून उपयोग नसतो. तोवर चुकीच्या समजुतीवर कारभार सुरू झालेला असतो.

सोमेश्वरच्या यादीत एक आहे, दोन आहे, तीन आहे. आणि मग एकदम सात. चार, पाच, सहा नाहीतच. सात असेल तर, असं लिहिलंय, चालू झाल्यावरचं दाबाचं पहिलं माप फेकून द्यायचं. पडद्यावर दाखवायचं नाही, नोंदवायचं नाही. शेजारी मराठीत टीप, 'कारण विचारू नये.'

मी मोठ्याने हसले. आमचे बाबा चाळीस वर्षं शाळेत शिकवत होते. आमच्या घरी 'का' विचारलं म्हणून कुणाला कधी ओरडा बसला नाही, न विचारल्याबद्दल मात्र बसलाय. असली टीप बघितली की माझे हात शिवशिवतात.

त्रेचाळीस डब्यांची नोंद काढली. सात सांगणारा डबा एकच आहे. कुरुंद्याचा.

१५ फेब्रुवारी

आज कुरुंद्याला जाऊन आले. जळबाच्या मोटारसायकलवर. जळबा आमचा डबे बसवणारा, दुरुस्त करणारा, वेळप्रसंगी शेतकऱ्यांची भांडणं सोडवणारा माणूस. गाडी चालवताना मागे वळून बोलतो, म्हणून मी सगळा रस्ता डोळे मिटून केला.

उकंडराव आणि शकुबाई यांचं शेत गावापासून थोडं लांब, ओढ्याच्या अलीकडे. बॉयलर त्यांचा स्वतःचा, आजूबाजूचे लोकही त्यांच्याकडेच हळद शिजवून नेतात. बॉयलर खरं तर शकुबाई चालवते. उकंडरावांना जवळचं दिसत नाही आणि चष्मा लावायचा नाही. शकुबाई साठीची, काटक, हाताला चटक्यांचे जुने डाग. जाळ किती लागतो, वाफ कधी सोडायची, हळद शिजली की नाही हे तिला वासावरून कळतं. हळकुंडात काडी घालून बघणारे बाकीचे. ती नुसती नाक वर करते.

गंमत सांगायची ती पुढेच आहे. तिनं डबा चालू केला आणि चटकन पदर ओढून पडद्यावर धरला. हिरवा दिवा लागेपर्यंत तसाच. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, ताई, पैला आकडा देवाचा असतो. आपुन दुसऱ्यापासून बघायचं. मी विचारलं, कोण म्हणालं? तर सोमेश्वर साहेब! जळबानं मग सांगितलं की पूर्वी डबा पहिलं माप दाखवायचा, तेव्हा सोमेश्वरनं हिला झाकायला शिकवलं. नंतर त्यानं ते माप दाखवणंच बंद केलं, पण पदर राहिला. म्हणजे इंजिनिअरनं देव घातला आणि काढायला विसरला.

हिरवा दिवा आणि लाल दिवा एवढंच तिला कळतं. आकडे वाचता येत नाहीत. मला म्हणाली, म्या शाळेच्या दारात बी गेले न्हाई, तुमी शिकवता का? मला बाबांची आठवण आली. पोत्यावर कोळशानं शून्य ते नऊ काढून दिले. निघेपर्यंत तिचे चार आकडे पाठ झाले होते, आणि सहा नि नऊ यांच्यात घोळ.

१८ फेब्रुवारी

चिप बनवणाऱ्यांना पत्र पाठवलं होतं, उत्तर आलं. अशी सातवी आवृत्ती आम्ही कधी काढलीच नाही, तुमचं वाचण्यात चुकलं असेल. झालं. म्हणजे चिप तिसरीच आहे, उत्तर ऐकताना कर्नलच्या कानात काहीतरी गडबड होते आहे. सोमेश्वरची सातची ओळ मी काढून टाकली, टिपेसकट. आता सात म्हटलं की तीन समजायचं आणि कुठलंही माप फेकायचं नाही. दुपारी सगळ्या त्रेचाळीस डब्यांना नवा प्रोग्राम डब्यांतल्या मोबाईल सिमवरून पाठवला. संध्याकाळपर्यंत सगळीकडे पोचला. माऊलीदादांनी भजी मागवली. एकूण चांगला दिवस.

२३ फेब्रुवारी

कुरुंद्याच्या डब्याचं काहीतरी विचित्र आहे. भीतीचं नाही, नुसतं विचित्र. पण डोक्यातून जात नाही.

सकाळी नऊला चहा पिताना मी सगळ्या डब्यांच्या नोंदी बघते. १९ तारखेला कुरुंद्याचं पहिलं माप १.८३ होतं. बॉयलर गार, जाळ लावलेला नाही, तरी १.८३ किलो दाब. मी म्हटलं, शिळं माप, आदल्या दिवशीचं. आदल्या दिवशीचं बघितलं तर तिथे १.८३ कुठेच नाही. मग संध्याकाळी सहज नजर गेली. त्या दिवशी दाब सगळ्यात जास्त जिथे चढला तो आकडा होता १.८३. सकाळी अकरा सव्वीसला.

२० तारखेला सकाळी १.६१. दिवसाचा सर्वांत जास्त, १.६१.

२१ ला १.९०. २२ ला १.७७. आज १.८५, आणि आत्ता संध्याकाळी नोंद उघडून बघितली. १.८५.

शिळं माप मला समजतं. कालचं आज दाखवणारी चिप मी पुण्यात तीनदा बघितली आहे. पण हे उद्याचं... नाही, आजचंच, पण अजून न झालेलं. जळबाला सांगितलं तर तो म्हणाला, ताई, मंग हळदीचा भाव बी सांगत असंल, विचारून बघा. मी हसले. रात्री जेवण गेलं नाही.

२४ फेब्रुवारी

कुरुंद्याला गेले. डब्याची तारन् तार तपासली. दाबाचं यंत्र बदललं. काही सापडलं नाही. एका जागी बसवत नव्हतं, नुसत्या बॉयलरभोवती फेऱ्या. उकंडराव म्हणाले, ताई, तुमी काहून येवढ्या येरझाऱ्या घालून राहिल्या, बसा की घोटभर चहा घ्या.

शकुबाई आता शून्य ते नऊ सगळं वाचते. टिंबसुद्धा. तरी पदर धरतेच. मी जरा चिडूनच म्हटलं, मावशी, कसला देवाचा आकडा, उघड्या डोळ्यांनी बघत जा. ती लाजली. म्हणाली, एक डाव वाचायला पक्कं येऊ द्या, मग पदर काढते आन् तुमालाच पैल्यांदा फोन करते.

२७ फेब्रुवारी

काल महाशिवरात्र. माऊलीदादांच्या घरचे सगळे औंढ्याला निघाले होते, मलाही ओढून नेलं. एवढ्या गर्दीत मोबाईल बाहेर काढायची सोय नव्हती, मी दिवसभर एकही नोंद बघितली नाही. उकंडरावांनी मात्र बॉयलर चालवला, कारण काढलेली हळद सणासाठी थांबत नाही.

आज कालची नोंद उघडली. पहिलं माप ०.४०. दिवसाचं सर्वांत जास्त १.७२.

जुळलं नाही.

मला इतकं हायसं वाटलं की खाली जाऊन दादांकडे आणखी एक चहा मागितला. मग आजचं पहिलं माप आठवलं, जे मी सकाळी बघितलं होतं. १.६६. संध्याकाळी पाच वाजता पुन्हा बघितलं. १.६६.

मी बघते तेव्हा जुळतं. मी बघत नाही तेव्हा जुळत नाही.

हे वाक्य लिहून मी वही मिटली, आणि परत उघडली. खोलीत बसवत नाही. गच्चीवर जाऊन आले, खाली जाऊन आले. बाबा म्हणायचे, एकदा जुळलं तर योगायोग, दहादा जुळलं तर उठ आणि ज्याला माहीत आहे त्याला जाऊन विचार. उद्या कळमनुरी.

२८ फेब्रुवारी

सोमेश्वर पस्तिशीचा असेल. पिठानं भुवया पांढऱ्या. मी कोण ते सांगितलं तर त्यानं गिरणीचा पट्टा थांबवला. मी म्हटलं, तुमची सातची ओळ मी काढली. तो खाली पायरीवर बसला आणि एवढंच विचारलं, बघतं कोण?

मग सांगितलं. थांबत थांबत, माझ्याकडे न बघता. तो हे कुणाला सांगत नाही, कारण पहिल्या दोघांनी त्याला डॉक्टरकडे जायला सांगितलं.

दोन वर्षांपूर्वी कुरुंद्याला डबा बसवून महिना झाला असताना एका सकाळी त्यानं पहिलं माप बघितलं, ४.२. बॉयलरची झडप अडीच किलोला उघडते. त्यालाही तोवर माझ्यासारखंच कळून चुकलं होतं की हा डबा पुढचं सांगतो. त्यानं भट्टीतला जाळ बाहेर ओढून विझवायला लावला, सगळ्यांना लांब केलं, आणि स्वतः घाबरून गाडी काढून घरी आला. दुपारपर्यंत तिकडे काहीच झालं नाही. इकडे घरी आईनं चुलीवर डाळीचा कुकर चढवलेला. साधा, घरातला. त्यात कसला आलाय चार किलो दाब. पण आला. झाकण आईच्या तोंडावर बसलं. दोन्ही डोळे गेले.

तो म्हणाला, ताई, आकडा बॉयलरचा नसतो, बघणाराचा असतो. जाळ पेटलेला असला तर त्याच बॉयलरात, न्हाई तर ज्यानं बघितला तो जिथं जाईल तिथल्या भांड्यात तो येतो. डबा पुढचं सांगत न्हाई. आपुन वाचलं की ते व्हतं. कुणीच न्हाई वाचलं तर तो नुसता आकडा.

आणि दोघांनी बघितला तर? मी विचारलं. तर शेवटी ज्यानं बघितला, त्याचा. डबा बंद करून चालू केला की नवा आकडा येतो, आणि तो दुसऱ्या कुणी बघितला तरच जुन्याचा धनी सुटतो. त्यानं हे लहान लहान आकड्यांवर करून बघितलं होतं, दुसऱ्याचे आकडे स्वतःवर घेऊन.

मी विचारलं, चिप का नाही बदलली? तर बदलली होती. दोनदा. नवी चिप इथे कारखान्यात तीन सांगायची, कुरुंद्याला बसवली की आठ दिवसांत सात. डबाच काढून टाकावा, तर भोंगा जातो, आणि भोंग्याशिवाय ते बॉयलर चालवणं म्हणजे शकुबाईला जाळावर बसवणं. म्हणून मग ती ओळ. फेकून द्या, दाखवू नका.

निघताना त्यानं विचारलं, तिथं कुणाला वाचता येतं का? मी पिशवी उचलली. आतून त्याच्या आईनं, कोण आलंय रे, म्हणून हाक मारली.

बसमध्ये एकच गोष्ट डोक्यात घोळत होती. मला 'का' विचारायचं होतं ना? विचारायला माणूस पन्नास किलोमीटरवर बसला होता. मी विचारलंच नाही. पुसून टाकलं.

१ मार्च

सोमेश्वरची ओळ सकाळीच परत घातली. टिपेसकट. सगळ्या डब्यांना पाठवली. बेचाळीस ठिकाणी पोचली. कुरुंद्याला नाही. दोन दिवस तिथल्या सिमला रेंज नाही.

आज कुरुंद्याची नोंद बघितलीच नाही. मधेच रेंज आली तर दिसू नये म्हणून माझ्या पडद्याचा तो भाग कागद चिकटवून झाकलाय. माझ्या हातानं, पदरासारखा.

उकंडरावांचा फोन लागत नाही. सकाळपासून अकरा वेळा. जळबा गाडी घेऊन सेनगावला गेलाय, रात्री येईल. मी स्वतःची समजूत घालते आहे की शकुबाई पदर धरतेच, दहा-अकरा दिवस काही झालं नाही, एक सकाळ आणखी. ती आठला बॉयलर चालू करते. मी साडेसातला तिथे असेन. केबल लावून ओळ परत घालेन, संपलं.

संपलं नाही. मला माहीत आहे मी तिला काय सांगून आले ते.

२ मार्च, सकाळी ६.४०

शकुबाईचा फोन, कुणा मजुराच्या मोबाईलवरून. हसत होती. मजूर लवकर आले म्हणून बॉयलर आज सहालाच चालू केला. वाचला ताई, म्या वाचला, पदर काढून वाचला! आदी सहा, मग टिंब, मग दोन!

६.२.

मी किंचाळले असेन. जाळ ओढा, सगळ्यांना लांब न्या, कुठल्याही चुलीपाशी जाऊ नका. ती हळूच म्हणाली, ताई, माझं चुकलं का काई?

तिचं नाही. तिचं काहीच नाही.

जळबा गाडी काढतो आहे.

७.३५, कुरुंदा

जाळ ओढला. राखेवर पाणी ओतलं. वाफेची चावी पूर्ण उघडली, होती ती वाफ गेली. उकंडराव भडकले, ड्रममध्ये ओली हळद भरून ठेवलेली, मजूर बसलेले. मी म्हटलं, चूक माझी आहे, डबा बिघडलाय, बॉयलर फुटेल. जळबा सगळ्यांना ओढ्यापलीकडे घेऊन गेला. शकुबाई जात नव्हती. तिला म्हटलं, मावशी, तुमच्या पाया पडते.

तिच्या घरी सून स्वयंपाक करत असेल. कुकर लावला असेल. ६.२ शकुबाईचा आहे, ती जाईल तिथे येईल. म्हणून आधी हे करायचं —

७.५०

डबा बंद केला. चालू केला. बघितला.

६.८.

आता माझा. शकुबाई सुटली.

मला वाईट वाटत नाही. खरंच नाही. ज्याची चूक त्याच्या पदरात, एवढंच झालंय.

८.०५

केबल लावून सोमेश्वरची ओळ घालायला घेतली होती. अर्ध्यावर लाईट गेली. डबा काळा. अर्धवट राहिलं, म्हणजे आत अजून माझाच प्रोग्राम.

असू दे. डबा बंद, तर नवा आकडाही नाही.

८.२०

बॉयलरवर एक साधं काट्याचं मीटर आहे. आमच्या डब्याशी त्याचा काही संबंध नाही, त्यात चिप नाही, काही नाही. काटा शून्यावर होता.

आता अर्ध्यावर आहे.

जाळ नाही. चावी उघडी आहे. पत्रा हातानं बघितला, गार.

८.४०

साठ पावलांवर बाभळीखाली बसले आहे. यापेक्षा लांब जायचं नाही. लांब गेले तर जवळचं दुसरं भांडं कुणाचं तरी असेल. इथे मोकळं शेत आहे, मी आहे आणि बॉयलर आहे. फुटला तर हळद उडेल, पत्रा उडेल. मी आडवी पडेन. आधीच ठरवलंय. जळबा पलीकडे लोकांना धरून आहे.

हे सगळं वेळेसकट लिहून ठेवते, म्हणजे पुढे कुणाला 'का' विचारायचं झालं तर —

बाबांना फोन करावासा वाटतो. रेंज नाही. एका परीनं बरं.

९.०५

काटा इथून दिसत नाही. आवाज येतो. बारीक शिट्टी, उघड्या चावीतून. जाळाशिवाय.

झडप उडली. अडीच. तरी थांबत नाही.

९.१५

पत्रा वाजतो. टण. मग थांबतो. मग टण.

उठून पळावंसं वाटतं. पाय आपोआप हलताहेत. बसले आहे. वहीवर माती —

९.२४

शकुबाई —

ओढ्याकडून नाही, मागच्या बांधानं आली. एकटी. हातात भाकरीचं गठुडं. मी सकाळपासून उपाशी आहे म्हणून — बॉयलरपाशी मला शोधते आहे. ओरडले. शिट्टीत तिला ऐकू जात नाही. हात हलवले. ती बॉयलरच्या अगदी —

लाईट आली.

मेन. मेन खाली ओढायची राहिली. डबा चालू होतोय. पडदा उजळला. ती थांबली. वाकली. बोट ठेवून एकेक — माझ्याकडे वळून हसते आहे, तोंड उघडून मला सांगते आहे, पहिला आकडा झाला, टिंबावर बोट — तिच्यानंतर मी तो बघायला हवा, शेवटची मी, साठ पावलं, मी पळत —